लहान गोलकीपरचे लेग पॅड कसे निवडावेत : माप आजच्या गुडघ्याचं घ्या

शाळेचे बूट एक नंबर मोठे घ्यायचे, स्वेटर वाढत्या अंगाचा घ्यायचा, पुढच्या वर्षीही चालला पाहिजे, ही आपल्या घराघरातली रीत. बहुतेक वस्तूंच्या बाबतीत ती शहाणपणाचीच आहे. आइस हॉकीच्या गोलकीपरचे लेग पॅड मात्र तिला ठाम अपवाद आहेत. दोन-तीन इंच मोठे पॅड घातलेलं सात वर्षांचं मूल गोलसमोर नीट गुडघ्यावर बसू शकत नाही, बसलं तर पटकन उठू शकत नाही, आणि थोड्याच दिवसांत "मला नाही व्हायचं गोलकीपर" म्हणायला लागतं. आपल्याला वाटतं, त्याला खेळ झेपत नाही. खरं कारण पायाला बांधलेलं असतं.

आमच्या भागातल्या हॉकी असोसिएशनच्या सामानखोलीत मुलांना पॅड बांधून द्यायला मी मदत करतो. टोरांटो-मिसिसागाच्या आसपास आता रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, मराठी कानावर पडतं, आणि त्यातले बरेच आईबाबा असे असतात की ज्यांनी स्वतः आयुष्यात कधी स्केट घातलेले नाहीत. पाच ते अकरा वर्षांच्या मुलाने किंवा मुलीने अचानक गोलमध्ये उभं राहायचा हट्ट धरला की त्यांची धांदल उडते. त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहितो आहे.

क्रिकेटच्या पॅडची सवय बाजूला ठेवा

आपल्या डोळ्यांसमोर पॅड म्हटलं की क्रिकेटचा पॅड येतो, आणि या खेळाची सुरुवातही खरोखर तिथूनच झाली. १८९६ साली विनिपेग व्हिक्टोरियाज संघाचा गोलकीपर जॉर्ज मेरिट आइस हॉकीतल्या मानाच्या स्टॅनली कपच्या लढतीत क्रिकेटचे पांढरे पॅड बांधून उतरला होता. पुढची पंचवीसेक वर्षं गोलकीपर असेच पॅड वापरत राहिले. त्यांची गोलाई ही अडचण होती. पक, म्हणजे या खेळात चेंडूऐवजी असलेली रबरी चकती, त्यावरून कुठेही उडायचा, कधी कधी थेट स्वतःच्याच जाळ्यात. १९२० च्या दशकात हॅमिल्टनमध्ये घोड्यांचे साज बनवणाऱ्या एमिल 'पॉप' केनेस्की यांनी हे पाहून रुंद आणि सपाट पॅड शिवले. आत हरणाचे केस आणि सावरीचा कापूस भरलेला असायचा, तो पाणी प्यायचा आणि सामना संपेपर्यंत पॅड जड होऊन जायचे. आजच्या पॅडमध्ये फोम असतो आणि वरून कृत्रिम चामडं, त्यामुळे ते वजन आता राहिलं नाही.

क्रिकेटमधला पॅड पायाला घट्ट बसलेला हवा, जागचा हलता कामा नये. इथे उलट आहे. ग्लेन हॉल आणि टोनी एस्पोसिटो या गोलकीपरनी रुजवलेली आणि पॅट्रिक रॉयने १९८० आणि ९० च्या दशकांत सगळीकडे पोचवलेली बटरफ्लाय पद्धत आज पाच-सहा वर्षांच्या मुलांनाही शिकवतात. दोन्ही गुडघे एकदम बर्फावर, पावलं दोन्ही बाजूंना बाहेर. गुडघा खाली जात असतानाच पॅड पायाभोवती फिरतो. त्याचा रुंद चेहरा समोरच्या खेळाडूकडेच राहतो आणि आतली कड बर्फावर आडवी टेकते. गुडघा मागच्या खोबणीतून सरकून आतल्या कडेच्या जाड फोमच्या ठोकळ्यावर येतो, म्हणजे गुडघ्याचा बर्फाशी थेट संबंध येत नाही.

हे सगळं अर्ध्या सेकंदात होतं, आणि गुडघा ठोकळ्याच्या समोर असेल तरच होतं. पॅड लांब असेल तर गुडघा ठोकळ्याच्या खाली पोटरीच्या भागात पडतो. आखूड असेल तर वर जातो आणि बर्फावर आपटतो. लेग पॅडच्या मापाचा सगळा प्रश्न एवढ्या एका जागेचा आहे.

पहिली पायरी : विकत घ्यायची वेळ आली आहे का, ते ठरवा

यू-७ म्हणजे सात वर्षांखालच्या गटात हॉकी कॅनडा या देशाच्या हॉकी संघटनेचा कार्यक्रम कायमचा गोलकीपर ठेवतच नाही. यू-९ गटातही मुलांनी आळीपाळीने गोलमध्ये उभं राहावं असाच आग्रह असतो. अमेरिकेतही आठ वर्षांखालच्या मुलांसाठी यूएसए हॉकीचा सल्ला हाच आहे. कारण सरळ आहे. या वयात मुलाला आधी स्केटिंग आलं पाहिजे, आणि पुढे जाऊन चांगला गोलकीपर तोच होतो जो चांगला स्केटर असतो. तेव्हा सहा वर्षांच्या मुलासाठी महागडा संच घेण्याची घाई करू नका.

आळीपाळीच्या या काळासाठी 'क्विक चेंज' प्रकारचे पॅड मिळतात. मुलाच्या नेहमीच्या शिन पॅडवरूनच (नडगीच्या पॅडवरूनच) ते रुंद व्हेल्क्रोने बांधायचे. दोन-तीन मिनिटांत एक मूल गोलमध्ये आणि दुसरं बाहेर. बऱ्याच असोसिएशनकडे असे संच असतात, आणि लहान गटांसाठी पूर्ण गोलकीपर संचही अनामत घेऊन हंगामभर वापरायला देतात. नोंदणी करतानाच इक्विपमेंट मॅनेजर कोण आहे ते विचारून ठेवा आणि त्यांना लवकर गाठा. सप्टेंबर उजाडला की मधली मापं आधी संपतात आणि उरतात ती एकदम छोटी नाहीतर एकदम मोठी. "हेच आहेत, घ्या" म्हणून मोठे पॅड हातात दिले तर नम्रपणे नाही म्हणा. फुकटचे असले तरी चुकीचे पॅड चुकीचेच.

मूल दुसऱ्या हंगामातही आपणहून गोलमध्ये जायला धडपडत असेल, पाळी संपल्यावर बाहेर यायला नाखूश असेल, तर मग स्वतःचे पॅड घ्यायला हरकत नाही.

भारतातून येणाऱ्या आजी-आजोबांबरोबर पॅड मागवावेत का, हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. जालंधर-मेरठच्या दुकानांत हॉकीचे लेग गार्ड कॅनडापेक्षा खूप स्वस्त मिळतात हे खरं आहे. पण ते मैदानी हॉकीचे असतात. त्यांची खालची बाजू बुटावर चढवायच्या किकरला जोडून बसेल अशी असते, स्केटवर ती बसत नाही. आतल्या कडेला गुडघा टेकायचा ठोकळा नसतो. ते पायाभोवती फिरण्यासाठी बनवलेलेच नसतात, कारण मैदानावरचा गोलकीपर धावतो आणि चेंडू लाथाडतो. दोन्ही खेळ हॉकीच, पण पॅडची अदलाबदल होत नाही.

दुसरी पायरी : पॅड उलटा करून बघा

दुकानात सगळेजण पॅडची पुढची बाजू बघतात. रंग, ब्रँडचं नाव, एनएचएल या मोठ्या व्यावसायिक लीगमधल्या आवडत्या संघाशी जुळतं का. रंगाची निवड मुलावर सोडा, त्यात त्याचा आनंद आहे. तुम्ही मात्र पॅड पालथा घाला, कारण कामाचं सगळं मागे आहे.

सगळ्यात खाली बुटाचा भाग, जो स्केटच्या वर बसतो. त्याच्या टोकाला दोरी किंवा इलॅस्टिक, तिला टो-टाय म्हणतात. वर पोटरीची पन्हाळी, दोन्ही बाजूंनी मऊ पाख्या असलेली. त्याच्यावर गुडघ्याची खोबण, म्हणजे नी-क्रेडल, आणि तिच्या शेजारी आतल्या कडेला तो जाड ठोकळा, ज्याला कुणी नी-ब्लॉक म्हणतं, कुणी नी-स्टॅक. त्याच्याही वर मांडीच्या पुढे येणारा भाग, थाय-राइज. बकल आणि पट्ट्यांची टोकं पायाच्या बाहेरच्या बाजूला येतात आणि ठोकळा आतल्या बाजूला, यावरून डावा-उजवा ओळखायचा. पहिल्याच सरावाला उलटे पॅड घालून आलेली मुलं दर वर्षी दिसतात, म्हणून हे सांगून ठेवतो.

तिसरी पायरी : घरी टेप घेऊन माप घ्या

वयावरून किंवा उंचीवरून माप सांगणारे तक्ते दुकानात लावलेले असतात. ते अंदाजापुरते ठीक. पण सारख्याच उंचीच्या दोन मुलांमध्ये एकाचे पाय लांब असतात, दुसऱ्याचं धड. पॅड उंचीला बसत नाही, पायाला बसतो. म्हणून:

१. मुलाला गोलमध्ये जे स्केट घालायचे आहेत तेच घाला. पात्याला कव्हर लावा. लहान मुलं बऱ्याचदा साध्या खेळाडूच्याच स्केटवर गोलकीपिंग करतात, आणि ते अगदी चालतं. पण साधा स्केट आणि गोलकीपरचा स्केट यांच्या पात्याची उंची आणि पुढच्या टोकाचा आकार वेगळा असतो, त्यामुळे त्यावर पॅड बसायची जागाही थोडी बदलते. एका जोडीवर माप घेऊन दुसऱ्या जोडीवर पॅड वापरू नका.

२. खुर्चीत असं बसवा की गुडघा काटकोनात वाकेल. खुर्ची उंच असली तर पायाखाली जाड पुस्तकं ठेवा, पाय लोंबकळायला नको.

३. घोट्याच्या मध्यापासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत टेप लावा. या मापाला दुकानदार एटीके म्हणतात, आणि ब्रँडचे तक्ते बहुधा याच्यावरच चालतात. दोन्ही पायांचं माप घ्या, दोनदा घ्या. मुलं मोजताना पाय हलवतातच.

४. वाटीच्या मध्यापासून वर मांडीच्या मध्यापर्यंतचं मापही लिहून ठेवा. थाय-राइज किती हवा ते त्यावरून कळतं.

५. स्केटचा नंबर लिहा. मोठं पाऊल पॅडच्या खालच्या भागात जास्त जागा घेतं आणि गुडघ्यापर्यंत उरणारी लांबी कमी होते.

हे चार-पाच आकडे फोनमध्ये ठेवा आणि ज्या ब्रँडचा पॅड बघत आहात त्याच ब्रँडच्या तक्त्याशी ताडून बघा. पॅडवर २४+१, २६+१ असे आकडे असतात. पहिला आकडा इंचांतली लांबी, आणि पुढचा +१ म्हणजे मांडीच्या भागाला दिलेली एक इंच वाढ. साधारणपणे वीस इंचांच्या थोड्या पुढून पंचवीस इंचांच्या आसपासपर्यंतची मापं यूथ म्हणून विकली जातात, मग तीस इंचांपर्यंत ज्युनियर, त्यानंतर इंटरमीजिएट आणि सीनियर. या हद्दी ब्रँडप्रमाणे थोड्या इकडेतिकडे होतात.

पण आकड्यावर विसंबून राहू नका. सीसीएम, बाउअर, वॉन, ब्रायन्स, वॉरियर यांचे २६ इंची पॅड शेजारी शेजारी उभे केले तर गुडघ्याची खोबण प्रत्येकात थोडी वेगळ्या उंचीवर सापडेल. एकाच लांबीचे दोन पॅड एकाला बरोबर बसतात आणि दुसऱ्याला नाही, ते यामुळेच. तुमच्या कामाची उंची जमिनीपासून खोबणीपर्यंतची आहे. एकूण लांबी त्यामागून येते.

चौथी पायरी : अंगावर चढवून बघा, आणि इथे वेळ काढा

घरून निघताना स्केट, गुडघ्याचे गार्ड आणि गोलकीपरची पॅन्ट पिशवीत घ्या. या तीन गोष्टींशिवाय पॅडची परीक्षा होत नाही. गुडघ्याचे गार्ड वेगळे घ्यावे लागतात, कारण पॅड फिरल्यावर गुडघ्याची आतली बाजू आणि मांडीचा खालचा भाग उघडा पडतो. अगदी लहान मुलांच्या काही पॅडना ते मागूनच जोडलेले येतात. पॅन्टचं कापड जाड असतं आणि पॅडच्या वरच्या टोकाला अडतं, म्हणून तीही अंगात हवी.

चांगल्या दुकानात यासाठी गालिचा किंवा रबरी चटई असते. विक्रेत्याला स्पष्ट सांगा की मूल खाली बसून उठून बघणार आहे. ज्या दुकानात याला कुरकुर होईल तिथून पॅड घेऊच नका.

आधी मुलाला खेळतानाच्या पवित्र्यात उभं करा, गुडघे वाकलेले, वजन पुढे. मागून बघा. गुडघ्याची मागची बाजू खोबणीच्या मध्यावर दिसली पाहिजे, किंवा नव्या पॅडमध्ये मध्याच्या किंचित खाली. पुढे येऊन पॅडच्या वरच्या टोकावर हात ठेवा. ते मांडीच्या अर्ध्याच्या आसपास असावं. पोटाकडे पोचत असेल तर पॅड मोठे आहेत, आणखी काही बघायची गरज नाही.

आता बटरफ्लाय. मुलाला येत नसेल तर नुसतं सांगा, "दोन्ही गुडघ्यांवर बस आणि पावलं बाहेर टाक." समोर जमिनीवर बसून त्याच्या पायांच्या पातळीवरून बघा. उभं राहून बघितलं तर काहीच कळत नाही.

गुडघे बरोबर ठोकळ्यांवर आले आहेत का, ते पॅडच्या मागे बोट घालून चाचपून बघा. दोन्ही पॅडचे चेहरे सरळ तुमच्याकडे आहेत का, की एक आभाळाकडे बघतो आहे? मांड्यांच्या मधली फट पॅडच्या वरच्या टोकांनी झाकली जाते का? ही फट म्हणजे प्रसिद्ध 'फाइव्ह होल', आणि थाय-राइज आहे तो ती झाकण्यासाठीच. टोकं एकमेकांना अलगद भेटली तर उत्तम. एकावर एक चढून बसली, किंवा धडकून गुडघ्यांना वरच रोखून धरलं, तर पॅड लांब आहेत. मध्ये हाताची मूठ सहज जाईल एवढी जागा राहिली आणि गुडघा ठोकळ्याच्या वरच्या टोकावर लोंबत असेल, तर आखूड.

मग उठायला सांगा. आधी एक पाय, मग दुसरा. पुन्हा बसवा, पुन्हा उठवा, आठ-दहा वेळा. पहिल्या दोन वेळा मूल उत्साहात जोर लावतं, म्हणून तेवढ्यावर निकाल देऊ नका. पाचव्या-सहाव्या वेळेला खरं दिसायला लागतं. उठताना हात जमिनीला टेकवावे लागत असतील, पॅडचं पुढचं टोक अडकत असेल, मूल मान खाली घालून पायांकडेच बघत असेल, तर एक माप खाली या. शेवटी दुकानात जरा चालवा. पॅड एकमेकांवर आपटतील, ते चालतं. पाय ओढत चालणं चालत नाही.

वाढीसाठी किती जागा ठेवावी? माझं मत : फार तर एक इंच. तेवढ्यात गुडघा खोबणीच्या खालच्या अर्ध्यात राहतो, ठोकळ्यावर टेकतो आणि मूल वाढेल तसा वर सरकतो. एका इंचात बहुतेक मुलांचा एक हंगाम नीट जातो, हळू वाढणाऱ्यांचे दोनही. त्याहून जास्त जागा ठेवली तर आजचा हंगाम वाया घालवून पुढच्याची तरतूद केल्यासारखं होतं, आणि या वयात आजचाच हंगाम महत्त्वाचा असतो. सवयी याच वर्षी लागतात. मोठ्या पॅडमुळे पाय फाकवून, वाकडं बसायची सवय लागली की ती मोडायला प्रशिक्षकाला फार कष्ट पडतात.

"मोठे पॅड म्हणजे जास्त गोल झाकला" असा युक्तिवाद तुम्हाला नक्की ऐकू येईल, कधी कधी अनुभवी पालकांकडूनही. एनएचएलमध्ये पॅडची रुंदी ११ इंचांवर आणि लांबी प्रत्येक गोलकीपरच्या पायाच्या मापावर बांधलेली आहे, कारण तिथे जादा इंचाचा फायदा उठवायला तसे पाय आणि ताकद आहे. सात-आठ वर्षांच्या मुलांचे गोल जास्त करून जमिनीलगत होतात, गोलकीपर वेळेवर खाली न पोचल्याने होतात. वेगाने खाली जाणारं मूल लांब पॅडमध्ये अडकलेल्या मुलापेक्षा कितीतरी जास्त पक अडवतं.

मऊ की कडक

मोठ्या गोलकीपरना कडक, सपाट पॅड आवडतात कारण पक त्यावरून जोरात लांब उडतो. लहान मुलाला याचा उपयोग नाही. सर्वात लहान गटांत निळा हलका पक वापरतात, ४ औंसांचा, म्हणजे साधारण ११३ ग्रॅम. नेहमीचा काळा पक ६ औंसांचा, सुमारे १७० ग्रॅम असतो. काळा पक असला तरी आठ वर्षांच्या मुलाचा फटका तो किती जोरात येणार!

तेव्हा जो पॅड हाताने दाबून गुडघ्याच्या वर किंवा खाली थोडा वाकतो तो घ्या. वीस-पंचवीस किलोच्या मुलाच्या पायात कडक पॅड वाकवायची ताकद नसते, मग पॅड जसा सांगेल तसं मूल हलतं. वजनाकडेही बघा. दोन्ही हातांत एकेक पॅड धरून तुलना केली तरी पुरते. व्यावसायिक पॅडची लहान प्रतिकृती म्हणून महाग विकले जाणारे मॉडेल कधी कधी साध्या यूथ पॅडपेक्षा जड आणि कडक निघतात. इथे जास्त पैसे दिल्याने मुलाला काही जास्त मिळत नाही.

पाचवी पायरी : पट्टे बांधणं

चांगले पॅड चुकीचे बांधले तर वाईट पॅडसारखेच वागतात. प्रेमापोटी आपण घट्ट बांधतो. तो मोह टाळा. पोटरीचा पट्टा पायाला लागलेला असावा, पण त्यात दोन बोटं सहज गेली पाहिजेत. गुडघ्याची व्हेल्क्रोची पट्टी बेताची. घोट्याजवळचा आणि सगळ्यात वरचा पट्टा सैल. सगळं बांधून झालं की मुलाला उभं करून पॅड हाताने डावीकडे-उजवीकडे फिरवून बघा. पायाभोवती तो फिरला पाहिजे आणि सोडल्यावर परत समोर आला पाहिजे.

टो-टाय पूर्वी लांब दोरीची असायची आणि ती स्केटच्या पात्याच्या धारकातून ओवून गुंडाळावी लागायची. आता इलॅस्टिक आणि हूकची मिळते. लहान मुलासाठी डोळे झाकून इलॅस्टिकचीच घ्या. पॅडला दोरी असेल तर ती काढून इलॅस्टिक बसवता येतं, दुकानात सुटं विकत मिळतं. पॅडचं टोक आणि स्केटचं टोक यांच्यात थोडं अंतर राहिलं पाहिजे. टोक आवळलं तर पॅड फिरायच्या वेळी घोटा पिळला जातो, आणि मुलाला दुखतं कुठे ते सांगता येत नाही.

पॅड बांधायचा क्रम मुलाला पहिल्या दिवसापासून शिकवा. पोटावर पालथं झोपून पाय मागे दुमडले की लहान मुलाला स्वतःचे पट्टे दिसत नाहीत. जमिनीवर बसून पाय पुढे पसरले तर दिसतात. नऊ वर्षांचं मूल आपले पॅड स्वतः बांधू शकतं. व्हेल्क्रो आणि प्लास्टिकच्या क्लिप असलेले पॅड त्यासाठी सोयीचे, चामड्याच्या पट्ट्या आणि बकल लहान बोटांना जड जातात.

जुने पॅड घ्यावेत का

बेलाशक घ्यावेत. या मापाचे पॅड झिजायच्या आधी लहान होतात. नवे साधे यूथ पॅड दोन-तीनशे कॅनेडियन डॉलरच्या आसपास सुरू होतात आणि ज्युनियर मापात आकडा भराभर चढतो. जुने अर्ध्या किमतीत किंवा त्याहूनही कमीत मिळून जातात. प्ले इट अगेन स्पोर्ट्ससारखी जुन्या सामानाची दुकानं, किजीजी ही जाहिरातींची वेबसाइट, असोसिएशनचा सामान-अदलाबदलीचा दिवस, या सगळ्या जागा बघा. जाहिरातीत किंवा जुन्या पालकांच्या बोलण्यात 'नोव्हिस', 'अ‍ॅटम', 'पीवी' असे शब्द आले तर गोंधळू नका. हॉकी कॅनडाने २०२० मध्ये ही नावं बदलून वयाचे गट केले. नोव्हिस म्हणजे आताचा यू-९, अ‍ॅटम यू-११, पीवी यू-१३.

जुना पॅड बघताना पहिल्यांदा आतल्या कडेवरचा ठोकळा अंगठ्याने जोरात दाबा. फोम परत वर आला पाहिजे. खड्डा तसाच राहिला तर तो मेला आहे, आणि हा एकच भाग असा आहे जिथे तडजोड करू नये. मग आतल्या कडेचं चामडं बघा, ते बर्फावर घासून सगळ्यात आधी फाटतं. वरवरचे ओरखडे चालतात, शिवण उसवून आतला फोम दिसत असेल तर नको. पट्टे ओढून बघा. पट्टे, क्लिप, टो-टाय बदलता येतात, त्यामुळे तेवढ्यासाठी चांगला पॅड सोडू नका, किंमत कमी करायला सांगा. नाक जवळ न्या. कुबट वास म्हणजे पॅड वर्षानुवर्षं ओला बॅगेत पडून राहिला. तो वास जात नाही.

आणि जुना असला तरी मापाची परीक्षा तीच. स्केट, गुडघ्याचे गार्ड आणि मूल बरोबर नेऊन विकणाऱ्याच्या गॅरेजमध्ये बटरफ्लाय करून बघायला अजिबात संकोच करू नका. हॉकीच्या घरांत याचं कुणाला आश्चर्य वाटत नाही.

पॅड जुने घेऊन वाचलेले पैसे हेल्मेट-मास्क आणि गळ्याच्या संरक्षकावर लावा. कॅनडात मास्कवर सीएसए या मानक संस्थेची खूण आणि गळ्याच्या पट्ट्यावर बीएनक्यू या मानक संस्थेची खूण लागते. या दोन वस्तू मी कधीही ओळखपाळख नसलेल्या माणसाकडून जुन्या घेणार नाही. लेग पॅडला अशी खूण नसते, त्यांचा न्याय आपल्यालाच करायचा असतो.

खर्चाची ओढाताण असेल, विशेषतः नवीन आलेल्या कुटुंबांना, तर कॅनेडियन टायरची जंपस्टार्ट ही संस्था आणि किडस्पोर्ट मुलांच्या खेळाच्या खर्चासाठी मदत करतात. अर्ज करायला लाजू नका, ती मदत आपल्यासारख्यांसाठीच ठेवलेली आहे.

वापर, आणि बदलायची वेळ

सराव संपला की पॅड बॅगेतून काढून उभे ठेवा, पट्टे सोडून, हवा लागेल असे. हीटरजवळ किंवा गाडीच्या डिकीत नको. काम एवढंच आहे, पण रोज करायचं.

दर दोन महिन्यांनी मुलाला पॅड बांधून पवित्र्यात उभं करा आणि मागून बघा. गुडघा खोबणीच्या वरच्या कडेला टेकायला लागला, किंवा "गुडघा दुखतो" असं एकदा जरी ऐकलं, तर माप बदलायची वेळ झाली. स्केट मोठे घेतले की हीच तपासणी लगेच करा, कारण नव्या स्केटने पॅडची बैठक बदलते.

हंगाम मार्च-एप्रिलमध्ये संपतो, आणि त्याच वेळी जुन्या सामानाचा बाजार भरतो, कारण सगळ्या घरांना लहान झालेले पॅड काढून टाकायचे असतात. विकायचे असतील तर तुमचेही तेव्हाच काढा, एटीकेचं माप आणि मुलाच्या स्केटचा नंबर जाहिरातीत लिहून. त्याने घेणाऱ्याचा हेलपाटा वाचतो. विकत घ्यायचे असतील तर मात्र जाहिराती बघून ठेवा, आणि मुलाचं माप ऑगस्टच्या शेवटी पुन्हा घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांचे पाय फार वाढतात.